दुष्काळात आणि कडक उन्हात झाडे हवेतले प्रदूषण जास्त ओढतात की कमी? (सोलापूर, वनविहार प्रकल्प)

विजापूररोड_पर्यावरण यांचा प्रश्न

एम.एस्सी. पर्यावरणशास्त्राच्या मुलांच्या प्रकल्पासाठी विचारतोय. सिद्धेश्वर वनविहारात आणि रस्त्याकडेला कडुनिंब, करंज, पळस, बाभूळ अशी झाडे निवडली आहेत. मार्च ते मे पानांवर धुळीचा जाड थर असतो, पावसाळ्यात पाने स्वच्छ दिसतात. मुलांनी त्यावरून गृहीतक मांडले आहे की उन्हाळ्यात, त्यातही दुष्काळी वर्षी, झाडे प्रदूषके जास्त शोषतात. मला ते पटत नाही, पण खोडून काढायला नेमका युक्तिवाद हवा आहे.

हाताशी असलेले: ०.१ मिलिग्रॅमचा तराजू, ओव्हन, गाळणीचा पंप, एक पोरोमीटर (पानातून बाष्प किती सहज बाहेर पडते ते मोजणारे यंत्र; उसना, ठरावीक दिवसांसाठी), आयन क्रोमॅटोग्राफी (पाण्यातले क्षार वेगवेगळे मोजण्याची चाचणी) बाहेरून करून घेता येईल. बजेट कमी. काय मोजावे, कसे मोजावे आणि कुठे फसगत होते ते सांगा.

---

बाष्पदाब

गृहीतक चुकीचे आहे, कारण पानावर दिसणारी धूळ हा साठा आहे आणि तुम्हाला हवा आहे तो वेग. सात-आठ महिने पाऊस नाही म्हणजे साठा धुतला गेला नाही, एवढेच त्या थरावरून कळते. दर दिवशी किती आले हे त्यातून निघत नाही.

वायूंचे गणित वेगळे आहे. एखादा वायू छत्रावर (झाडाच्या पानाफांद्यांच्या पसाऱ्यावर) किती उतरतो = हवेतली तीव्रता × निक्षेपण वेग (तो वायू पृष्ठभागावर बसण्याचा वेग). हा वेग तीन प्रतिरोधांच्या बेरजेचा व्यस्त असतो: वरची हवा पानांपर्यंत पोहोचण्याचा, पानाला चिकटलेला हवेचा पातळ थर ओलांडण्याचा आणि शेवटी पृष्ठभागाने तो घेण्याचा. दुष्काळ बदलतो तो मुख्यतः तिसरा. पृष्ठभागावर वायूला तीन वाटा असतात, पर्णरंध्रे (पानावरची सूक्ष्म छिद्रे), पानाचा मेणचट थर आणि जमीन. ओझोन आणि नायट्रोजन डायऑक्साइडसाठी दिवसा पर्णरंध्रे ही मोठी वाट.

आता सोलापूरचा मे घ्या. ४२ अंश तापमान आणि २० टक्के आर्द्रता असेल तर संपृक्त बाष्पदाब सुमारे ८.२ किलोपास्कल, हवेतला १.६, म्हणजे तूट (हवेचा कोरडेपणा) ६.६ किलोपास्कल. ऑगस्टमध्ये ३० अंश आणि ८० टक्क्यांना हीच तूट ०.८५ च्या आसपास येते. बहुतेक झाडे दीड-दोन किलोपास्कलच्या पुढे रंध्रे आवळू लागतात. आपल्याकडची कोरड्या प्रदेशातली झाडे जास्त सोसतात, पण साडेसहा किलोपास्कलला तीही दुपारी दार लावून घेतात. त्यात जमिनीतही ओल नसली तर सकाळचे दोन तास सोडले तर काही उरत नाही.

आकडे घालून बघा (उदाहरण म्हणून, तुमच्या जागेचे मोजमाप म्हणून नव्हे). पाणी असलेल्या झाडाची रंध्रवाहकता (रंध्रे किती उघडी आहेत त्याचे माप) ०.२ मोल प्रति चौ.मी. प्रति सेकंद धरा. सोलापूरच्या हवेच्या दाबाला ४० अंशांवर एक मोल हवा सुमारे ०.०२७ घनमीटर जागा घेते, म्हणून ही वाहकता ०.५४ सें.मी./सेकंद होते. ती बाष्पासाठी आहे; ओझोनचा रेणू जड, म्हणून ०.६६ ने गुणा, ०.३६. पानांचे परिणामकारक थर दोन धरले तर ०.७२. मेणथर आणि जमिनीचे मिळून ०.२ मिळवा, ०.९२. म्हणजे पृष्ठभागाचा प्रतिरोध सुमारे ११० सेकंद/मीटर. वरचे दोन मिळून ५० धरा. निक्षेपण वेग ०.६३ सें.मी./सेकंद.

दुष्काळात वाहकता ०.०३ झाली आणि निम्मी पाने गळून एकच थर उरला तर रंध्रांची वाट ०.०५ वर येते, एकूण ०.२५, प्रतिरोध सुमारे ३९०, निक्षेपण वेग ०.२२ ते ०.२३. जवळजवळ तिसरा हिस्सा.

यातला मजेचा भाग: ओझोनची तीव्रता घनमीटरला ६० वरून १२० मायक्रोग्रॅमवर, म्हणजे दुप्पट झाली तरी झाडांवर उतरणारा ओझोन आधीपेक्षा कमीच भरतो (सेकंदाला दर चौ.मी. ०.३८ ऐवजी ०.२७ मायक्रोग्रॅम). आणि जो उतरला नाही तो हवेतच राहतो. युरोपात २००३ च्या उष्णतेच्या लाटेत ओझोन इतका चढला त्यामागे ऊन आणि साचलेली हवा होतीच, पण कोरड्या पडलेल्या वनस्पतींनी ओझोन घेणे कमी केले हाही एक भाग होता.

---

काळी_माती

वरच्यात एक पुरवणी. रंध्रे मिटली की ओझोनची वाट पूर्ण बंद होत नाही. कोरडी, उघडी जमीन ओल्या जमिनीपेक्षा ओझोन जास्त घेते, कारण मातीच्या कणांवर पाण्याची फिल्म नसते आणि ओझोन पाण्यात फारसा विरघळत नाही. शिवाय तापलेल्या पानांतून बाहेर पडणारी बाष्पनशील संयुगे छत्राच्या आतच ओझोनशी प्रक्रिया करतात. त्यामुळे तो ०.२ आकडा दुष्काळात थोडा वाढू शकतो. पण रंध्रांची तूट भरून निघेल इतका नाही.

तीच संयुगे नायट्रोजन ऑक्साइडांबरोबर ओझोन तयारही करतात हे विसरू नका. निलगिरीच्या लागवडी या बाबतीत कुप्रसिद्ध. त्यांतून आयसोप्रीन (असेच एक संयुग) भरपूर निघते आणि ते तापमानाबरोबर वाढत जाते.

---

मोजमाप_कट्टा

धुळीचे आता. "धूळ जास्त" म्हणजे "पीएम २.५ (२.५ मायक्रॉनपेक्षा बारीक कण) जास्त पकडले" हे समीकरण मुलांच्या डोक्यातून आधी काढा. पानावरचे वजन जवळजवळ सगळे जाड कणांचे असते. दहा मायक्रॉनचा एक कण वजनाने एक मायक्रॉनच्या हजार कणांएवढा. जाड कण स्वतःच्या वजनाने आणि आदळून बसतात. ०.१ ते १ मायक्रॉनच्या दरम्यानचे कण ना नीट आदळतात ना नीट विसरण पावतात, त्यामुळे त्यांचा निक्षेपण वेग सर्वांत कमी. आणि आरोग्याच्या दृष्टीने नेमके तेच महत्त्वाचे.

कोरड्या हवेत आणखी दोन गोष्टी होतात. क्षारयुक्त कण पाणी गमावून आकसतात. आणि कोरड्या पानावर आदळलेला जाड कण उडून परत जातो, दमट पानावर तो चिकटला असता. एप्रिल-मेच्या वावटळीत बसलेली धूळही पुन्हा उडते. म्हणजे साठा कायम वाढत जात नाही, एका पातळीला येऊन थांबतो. मुलांनी दर पंधरवड्याला नमुने घेतले तर हे आलेखात दिसेल. फक्त मेअखेरीस एकदा घेतले तर काहीच कळणार नाही.

पाने धुण्याची पद्धत अशी:

प्रत्येक झाडाच्या चारही बाजूंनी, २ ते ३ मीटर उंचीवरून, त्याच वयाची पूर्ण वाढलेली पाने घ्या. ३०० ते ४०० चौ.सें.मी. क्षेत्रफळ भरेल इतकी. हातमोजे घालून देठाला धरा, पानाला बोट लावू नका. झिप पिशवी वापरली तर नंतर पिशवीही आतून धुवून ते पाणी नमुन्यात घाला, नाहीतर बरीच धूळ पिशवीतच राहते. काचेच्या बीकरमध्ये १०० मिली डिस्टिल्ड पाणी, मऊ ब्रश, एक मिनिट. आधी १०० मायक्रॉनच्या चाळणीतून काढा म्हणजे कीटकांचे तुकडे, परागांचे गठ्ठे, लव अडकेल. मग १० मायक्रॉन, मग २.५, मग ०.२, असे क्रमाने गाळा. तिन्ही वजने वेगळी ठेवा. बजेटमुळे कमी करायचे असेल तर १० आणि २.५ ठेवा.

मेणात रुतलेली धूळ पाण्याने निघत नाही. त्यासाठी क्लोरोफॉर्ममध्ये ४० ते ६० सेकंद, पण फ्यूम हूडमध्ये आणि काचेच्याच भांड्यात. प्लॅस्टिकची पेट्री डिश क्लोरोफॉर्ममध्ये विरघळते आणि मग तुम्ही धूळ नाही, डिश तोलत बसता. हूड नसेल तर हा भाग सोडून द्या आणि अहवालात "फक्त पाण्याने धुतली जाणारी धूळ" असे स्पष्ट लिहा.

सर्वांत जास्त घोळ तोलण्यात होतो. साध्या सेल्युलोजच्या गाळणकागदाला जुलैच्या हवेत ओल धरते आणि त्याचे वजन धुळीपेक्षा जास्त हलते. ग्लास फायबर किंवा टेफ्लॉन वापरा. गाळण्याआधी आणि नंतर, दोन्ही वेळी तेच: ६० अंशांवर वाळवणे, २४ तास डेसिकेटरमध्ये, मग तोलणे, तीनदा. प्रत्येक खेपेला दोन-तीन कोरे फिल्टर तसेच पाण्याने गाळून ठेवा आणि त्यांचा बदल वजा करा. टेफ्लॉनला स्थिर विद्युत चढते, आकडा सरकत राहतो. तोलण्याआधी ती घालवायची सोय करा.

हिशेब: ४०० चौ.सें.मी. पानावर ४ मिलिग्रॅम मिळाले तर ते १०० मिलिग्रॅम प्रति चौ.मी. पान. क्षेत्रफळ एकाच बाजूचे धरता की दोन्ही, ते पहिल्याच पानावर लिहा. या एका गोष्टीमुळे दोन प्रबंधांचे आकडे दुपटीने वेगळे येतात आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. क्षेत्रफळासाठी पाने स्कॅनरवर पसरून इमेजजे या सॉफ्टवेअरमध्ये मोजा, ते फुकट आहे.

एक नमुना ०.१ मिलिग्रॅमच्या तराजूवर कसा टिकेल बघा. २.५ मायक्रॉनखालच्या गाळणीत जर ०.३ मिलिग्रॅमच आले तर चूकच तिसऱ्या हिश्श्याएवढी. अशा वेळी तीन झाडांचे नमुने एकत्र करा किंवा पानांचे क्षेत्रफळ तिप्पट घ्या.

---

विजापूररोड_पर्यावरण

धन्यवाद सर. म्हणजे उन्हाळ्यात झाडांचा उपयोग नाही असे लिहायचे का? मुले म्हणतील मग वृक्षारोपण कशाला.

---

बाष्पदाब

नाही हो, असे लिहिलेत तर तेही तितकेच चूक. प्रत्येक प्रदूषकाचे दार वेगळे आहे.

नायट्रिक ॲसिडची वाफ कुठल्याही पृष्ठभागाला लगेच चिकटते, तिला रंध्रे उघडी असोत नसोत फरक पडत नाही. वरच्या उदाहरणात तिसरा प्रतिरोध शून्य धरा, वेग येतो २ सें.मी./सेकंद, पावसाळ्यात आणि दुष्काळात सारखाच. उलट तापलेल्या दुपारी हवा जोरात वरखाली होते, पहिला प्रतिरोध घटतो आणि वेग वाढतो.

सल्फर डायऑक्साइडला ओलावा हवा. दवाने भिजलेले पान तो भराभर घेते, कोरडे पान अनिच्छेने. दुष्काळात दव नाही म्हणजे ही वाट अरुंद. पण सोलापूरच्या धुळीत चुना भरपूर, आणि चुन्याची धूळ सल्फर डायऑक्साइडला धरते. कोरडे पण धुळकट पान आणि कोरडे पण स्वच्छ पान यांत फरक दिसण्याची शक्यता आहे. एखाद्या मुलाला स्वतंत्र विषय हवा असेल तर हा चांगला. मात्र फताटेवाडीच्या १,३२० मेगावॉटच्या औष्णिक वीजकेंद्रासारखा उंच चिमणीचा स्रोत असला की जमिनीजवळची तीव्रता वाऱ्याच्या दिशेप्रमाणे आणि दिवसाच्या वेळेप्रमाणे फार बदलते. महिन्याची सरासरी धरून हे दिसणार नाही.

अमोनिया तर दोन्ही दिशांनी चालतो. पानाच्या आतल्या द्रवातल्या अमोनियमवर अवलंबून एक तोल असतो आणि तो तोल दर ५ अंशांना साधारण दुप्पट वर सरकतो. हवेतली तीव्रता त्याखाली असेल तर झाड अमोनिया घेण्याऐवजी सोडते. शेजारी उसाला युरिया पडला किंवा जवळ पोल्ट्री असली तर दिशा पुन्हा उलटते. तेव्हा अमोनियाचे निष्कर्ष काढताना शेजारच्या शेतात काय चालले आहे त्याची नोंद हवीच.

---

हिवर_बोर

झाडांच्या बाजूने थोडे.

पळस फेब्रुवारी-मार्चमध्ये जवळजवळ निष्पर्ण असतो. त्याच्यावर रंध्रांचा किंवा पानधुळीचा अभ्यास करायचा तर तो नव्या पालवीनंतरच. कडुनिंबाला मार्च-एप्रिलमध्ये नवी पाने येतात, म्हणजे तुमच्या मेच्या नमुन्यातले पान जेमतेम दोन महिन्यांचे आणि त्यावरची धूळही तेवढ्याच काळाची. जानेवारीच्या जुन्या पानाशी त्याची तुलना करून "मेमध्ये धूळ कमी झाली" असा निष्कर्ष काढाल तर तो पानगळीचा परिणाम असेल. फेब्रुवारीतच डहाळ्यांना रंगीत दोरा बांधून पालवी फुटण्याची तारीख लिहून ठेवा.

पोरोमीटरसाठी बाभूळ सोडा. पर्णिका इतक्या बारीक की क्लॅम्पच्या खिडकीत बसत नाहीत, मधून हवा गळते. कडुनिंब, करंज, पिंपळ ठीक. कडुनिंबाची रंध्रे पानाच्या खालच्या बाजूला, तेव्हा उलटे धरा. धूळ असली तर गॅस्केट नीट बसत नाही आणि वाहकता खोटी येते. म्हणून मोजण्याची जागा ओल्या कापसाने टिपून, दहा मिनिटे सुकू देऊन मग मोजा. शेजारचे न पुसलेले पानही मोजून फरक नोंदवा, कारण धूळ स्वतःही रंध्रे बुजवते आणि पान तापवते.

वेळ: सकाळी आठ ते दहा, मग एक ते दोन, मग चार ते पाच. फक्त दुपारी मोजलेत तर सगळी झाडे मेल्यासारखी दिसतील. फक्त सकाळी मोजलेत तर दुष्काळ नाहीच असे वाटेल. प्रत्येक वाचनासोबत पानाचे तापमान, हवेचे तापमान, आर्द्रता. यंत्र उन्हात ठेवू नका, बहुतेकांची कामाची मर्यादा मेच्या दुपारी ओलांडली जाते.

जमिनीची ओल ३० आणि ६० सें.मी. खोलीवर घ्या, ओव्हन आहेच तर १०५ अंशांवर २४ तास वाळवून वजनाने. काळ्या जमिनीत ओल १५ टक्के दिसली म्हणून खूश होऊ नका. चिकणमाती तेवढे पाणी झाडाला न देता धरून बसते.

तुमच्या मुलांना एक साधा पण पक्का प्रयोग सुचवतो. सारख्या वयाची कडुनिंबाची सहा झाडे घ्या, तिघांना आठवड्यातून दोनदा मुळाशी भरपूर पाणी, तिघांना नाही. हवा, धूळ, ऊन सगळे तेच. पोरोमीटरमध्ये जो फरक येईल तो मातीतल्या पाण्याचा. आणि पाणी दिलेली झाडेही दुपारी जेवढी मिटतील तो हवेच्या कोरडेपणाचा. दुष्काळ आणि उष्णता या दोन गोष्टी वेगळ्या काढायला यापेक्षा स्वस्त मार्ग नाही.

---

पागोळी

थ्रूफॉल, म्हणजे छत्रातून गळून आलेले पाणी (पानांवर साठलेले किती धुतले गेले ते यातून कळते), कुणी घेतले नाही म्हणून लिहिते.

२० सें.मी. व्यासाचे नरसाळे म्हणजे ३१४ चौ.सें.मी. ५० मि.मी. पावसाला दीड लिटरहून जास्त पाणी येते, म्हणून ५ लिटरचा कॅन. तोंड जमिनीपासून १ मीटर वर, नाहीतर मातीचे शिंतोडे. गळ्यात नायलॉनची जाळी. कॅनला ॲल्युमिनियम फॉइल गुंडाळा, उजेड आत गेला की शेवाळ धरते आणि नायट्रेट खाते. एका प्लॉटमध्ये निदान १० ते १५ नरसाळी, कारण दोन फुटांवर पाणी दुप्पट-निम्मे होते. उघड्यावर ३-४, झाडाच्या उंचीच्या दुप्पट अंतरावर. उघड्यावरच्या नरसाळ्याच्या कडेला तारेचे उंच कडे लावा, नाहीतर साळुंकी तिथेच बसते आणि एका विष्ठेने सगळा अमोनियम बिघडतो.

वळवाचा पहिला पाऊस वेगळ्या बाटलीत. महिन्याच्या एकत्र नमुन्यात तो मिसळलात तर आठ महिन्यांचा साठा जूनच्या नावावर जमा होईल. पहिले एक-दीड मि.मी. पाणी छत्रच धरून ठेवते, २ मि.मी.ची सर आली तर धूळ धुतली जात नाही, नुसते चिखलाचे ठिपके पडतात. असा पाऊस "धुलाई" म्हणून मोजू नका, तारीख लिहा आणि पुढे चला.

पाण्यात सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम, अमोनियम, क्लोराइड, नायट्रेट, सल्फेट सगळे काढा. पोटॅशियम मुख्यतः पानातूनच झिरपते, आणि शेजारी उसाचे पाचट जाळले असेल तर धुरातूनही येते. म्हणून पोटॅशियमवरून धुळीचा हिशेब करू नका. कोरडे निक्षेपण काढण्याची पुस्तकी पद्धत सोडियमला खूणगाठ धरते, कारण पान ते घेत-देत नाही असे मानले जाते. ती समुद्राजवळच्या जंगलांसाठी रुळली. किनारा इथून पावणेतीनशे-तीनशे किलोमीटर. आपला सोडियम बराचसा मातीतूनच येतो. तेव्हा सोडियमवरचे गुणोत्तर जाड धुळीसाठी चालेल, बारीक सल्फेट-नायट्रेटसाठी नाही. कॅल्शियमशेजारी ठेवून दोन्हींचे उत्तर जुळते का ते पाहा.

नायट्रोजनचे आकडे नेहमी कमी येतात, कारण भुकेले छत्र अमोनियम आणि नायट्रेट स्वतःच पिऊन टाकते. छत्राखाली उघड्यापेक्षा नायट्रेट कमी आले म्हणजे निक्षेपण नाही, असा अर्थ काढू नका. आणि पहिल्या पावसानंतर कोरडी माती भिजली की तिच्यातून नायट्रिक ऑक्साइडचा लोंढा निघतो, तो दोन-चार दिवस टिकतो. त्या दिवसांतली हवेची वाचने वेगळी खूण करून ठेवा.

पीएच बघून दचकू नका. चुन्याच्या धुळीमुळे आपल्याकडचे पहिले पाणी सातच्या वर जाऊ शकते, सल्फेट भरपूर असूनही. आम्ल नाही म्हणजे प्रदूषण नाही, असे अजिबात नाही.

---

विजापूररोड_पर्यावरण

दोन छोटे प्रश्न. ओझोनसाठी स्वस्त सेन्सर चालेल का? आणि रस्त्याकडेच्या झाडांवर पाण्याचा फवारा मारला तर झाडांची क्षमता परत येते का? सोलापूर राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या यादीत असल्याने हा प्रश्न तोंडी परीक्षेत हमखास येणार.

---

मोजमाप_कट्टा

सेन्सर: स्वस्त विद्युत-रासायनिक सेन्सर नायट्रोजन डायऑक्साइडलाही ओझोन समजतो आणि ४० अंशांपुढे भरकटतो, म्हणजे नेमका तुमच्या कामाच्या महिन्यांत. शहरातल्या प्रदूषण मंडळाच्या स्वयंचलित केंद्राशेजारी दोन आठवडे लावून, तापमान धरून दुरुस्तीचे समीकरण काढलेत तरच वापरा. केंद्राचे आकडे आठ तासांच्या सरासरीने १०० मायक्रोग्रॅमच्या मानकाशी ताडून पाहता येतील. नायट्रोजन आणि सल्फर डायऑक्साइडसाठी निष्क्रिय नळ्या (पंपाशिवाय वायू शोषून घेणाऱ्या) बऱ्या, सावलीच्या टोपीखाली, दोन ते चार आठवडे, प्रत्येक ठिकाणी तीन आणि एक झाकलेली कोरी.

---

बाष्पदाब

फवाऱ्याने साठा खाली जातो, बस. ती धूळ रस्त्यावर सुकली की दुसऱ्या दिवशी वाहनांमागे पुन्हा वर. पाणी मातीत, गवतात मुरले तरच धूळ हवेतून गेली म्हणायचे. रंध्रे उघडायला मुळाशी पाणी लागते. पानावरचा फवारा दुपारी काही मिनिटांत उडून जातो. बोअरचे जड पाणी असेल तर पानावर क्षारांचा पांढरा थर राहतो, तो धुळीपेक्षा चिवट. मारायचाच तर सूर्योदयाआधी आणि कमी क्षारांच्या पाण्याने.

तोंडी परीक्षेत मुलांना आणखी एक विचारतील: दुष्काळात ओझोन जास्त, म्हणजे झाडांचे नुकसान जास्त का? दर तासाच्या तीव्रतेतल्या ४० पीपीबीच्या (अब्जात ४० भागांच्या) वरच्या भागाची बेरीज करणारा जुना निर्देशांक होय म्हणेल. पण नुकसान पानाच्या आत शिरलेल्या ओझोनने होते, आणि रंध्रे मिटलेली असल्याने तो आत कमी शिरतो. म्हणून आत शिरलेल्या मात्रेवरचा निर्देशांक वापरला की तेच दुष्काळी वर्ष झाडांसाठी कमी धोक्याचे दिसते, आणि माणसांसाठी जास्त. पोरोमीटरची वाचने आहेत तर दोन्ही निर्देशांक काढून शेजारी मांडा.

---

पागोळी

आणि नरसाळी मेअखेरीस लावू नका. वळीव एप्रिलमध्येही येतो. मार्च संपायच्या आत लावा आणि पाऊस पडेपर्यंत झाकून ठेवा, नाहीतर दोन महिन्यांची धूळ थेट नरसाळ्यात साचेल. पावसाचा रंग दिसला की झाकण काढायला जवळचा एक माणूस ठरवून ठेवा. ते जमणार नसेल तर झाकू नका, पण दर आठवड्याला प्रत्येक नरसाळे २०० मिली डिस्टिल्ड पाण्याने धुवून ते पाणीही तपासा. उघड्यावरच्या नरसाळ्यांतल्या त्याच पाण्यातून कोरड्या काळातल्या जाड धुळीचा आठवड्याचा दर मिळेल.